ईव्ह, अपॉस्ट्रॉफी आणि गळालेली अक्षरं

प्रश्न असा: ‘न्यू इयर ईव्ह’ की ‘न्यू इयर्स ईव्ह’? आणि ‘टीचर्स डे’त अपॉस्ट्रॉफी कुठे?

‘न्यू इयर्स ईव्ह’च. ही ‘न्यू इयर्स डे’ची ईव्ह, वर्ष एकच, म्हणून चिन्ह एसच्या आधी. ‘ख्रिसमस डे’त मुळात एस नाही, म्हणून त्याच्या ईव्हलाही नाही. शुभेच्छा मात्र अख्ख्या वर्षाच्या द्यायच्या असतात, तेव्हा ते ‘हॅपी न्यू इयर्स’ आता पुरे! शिक्षक अनेक, म्हणून तिथे चिन्ह एसनंतर. ‘मदर्स डे’त एसच्या आधी, कारण तो रुजवणाऱ्या ॲना जार्विसबाईंचा हट्टच होता की प्रत्येकाने आपापल्या एका आईचा मान राखावा.

खरी मौज ३१ ऑक्टोबरच्या ‘हॅलोईन’मध्ये आहे. जुन्या स्पेलिंगात शेवटच्या दोन ‘ई’मध्ये अपॉस्ट्रॉफी दिसतो. तिथे मालकीचा काही संबंध नाही, ‘व्ही’ गळालाय. मूळ शब्द ‘ईव्हन’, म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, आणि चर्चचा सण आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासूनच सुरू व्हायचा. ‘ईव्ह’ हाही तोच शब्द. त्याने शेवटचा ‘एन’ गमावला, हॅलोईनने मधला ‘व्ही’. पुढे ईव्ह म्हणजे आदला अख्खा दिवस झाला. आपली ‘पूर्वसंध्या’ही त्याच वाटेने गेली आहे, सकाळी दहाचं रक्तदान शिबिरही हल्ली पूर्वसंध्येला असतं.

माझं तर म्हणणं, षष्ठीतला अपॉस्ट्रॉफीही गळतीचीच खूण आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय ‘-es’, म्हणजे ‘ई’ आणि ‘एस’ असा दोन अक्षरी होता. त्यातला ‘ई’ गेला. इंग्रज निबंधकार ॲडिसनने १७११ मध्ये लिहून ठेवलं की हा एस म्हणजे ‘हिज’ आणि ‘हर’चा अवशेष. ‘हर’मधून एस कसा निघाला, ते त्यालाच ठाऊक! अनेकवचनातलं चिन्ह व्याकरणवाल्यांनी फार उशिरा चिकटवलं, ते माझ्या हिशेबात धरू नका.

आणि अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं. ‘व्हेटरन्स डे’त अपॉस्ट्रॉफी नाही, कारण म्हणे तो दिवस सैनिकांच्या ‘मालकीचा’ नाही! षष्ठी म्हणजे फक्त मालकी, हे यांना सांगितलं कुणी? गुरुवारचा बाजार काय गुरुवारच्या नावावर असतो?