रात्रीचा भात बंद केल्यास महिन्याभरात किती वजन कमी होईल?

आपल्या प्रश्नात दोष भाताचाच, हे आधीच गृहीत धरलेले आहे आणि ते मला मान्य नाही. याच समजुतीपायी माझ्या आईचा भात सहा वर्षांपूर्वी बंद झाला होता.

आई राजापूरची. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दोन्ही वेळा भात, त्यावर कुळथाचे पिठले किंवा माशांचे कालवण, असे तिचे जन्माचे जेवण. गुडघे दुखू लागल्यावर डॉक्टरांनी तिला पाच किलो वजन उतरवण्यास सांगितले आणि थोरल्या भावाने त्याच दिवशी घरातला भात थांबवला. पहिला आठवडा ती रात्री वरणाचे पाणी आणि काकडी यांवर राहिली, वजन दीड किलोने उतरले आणि दादाला आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. वास्तविक पिष्टमय अन्न एकदम कमी केले की यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, खर्च होते व त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. त्या दीड किलोत चरबी फारच थोडी असणार. पुढे भूक अनावर झाली तेव्हा भाताच्या जागी तेल लावलेल्या तीन चपात्या आल्या, चहाबरोबर ‘पौष्टिक’ म्हणून गव्हाची बिस्किटे आली आणि चरबी वितळावी म्हणून गरम पाण्यात दोन मोठे चमचे मध आला. तीन महिन्यांनी आईचे वजन पूर्वीपेक्षा दोन किलोने वाढलेले होते.

शंभर ग्रॅम तांदूळ आणि शंभर ग्रॅम कणीक, दोन्हींत साधारण साडेतीनशेच्या आसपासच कॅलरी असतात. चपातीला लावलेल्या एका लहान चमचा तेलात चाळीसच्या वर, आणि मधाच्या एका मोठ्या चमच्यात साठ. मध ही साखरच आहे, तिने चरबी वितळत नाही. बिस्किटांच्या पुड्यामागची घटकांची यादी वाचली तर मैदा, साखर आणि पामतेल सापडते, पण ती यादी आमच्या घरी कोणी वाचली नाही.

तेव्हा भात मोजून वाढून घ्या, त्याबरोबर डाळ आणि भाजी वाढवा आणि आधी घरातले तेल मोजा. मधुमेह असेल तर मात्र माझे ऐकू नका; पॉलिश केलेल्या तांदळाचा भात रक्तातील साखर लवकर वाढवतो, त्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. कणकेत तंतू अधिक असतात, हेही खरे आहे.

दादा आजही म्हणतो की आईने चोरून भात खाल्ला असावा. तिने तो खाल्ला नव्हता. त्या तीन महिन्यांत आमचा पाच लिटर तेलाचा डबा दर वेळी आठ-दहा दिवस आधी संपत होता आणि वाण्याच्या वहीत त्या तारखा आहेत.