टीडीएस कमी आला म्हणून नदी स्वच्छ ठरत नाही

नमस्कार भाऊ. आपल्या शिवारात नाग नदीच्या पाण्याचा टीडीएस ६०० आला, तेव्हा ते पालक-कोथिंबिरीच्या ओलिताला आणि गुरांना चालेल का, असे आपण विचारले आहे. मीटरचा आकडा बरोबर असेल. पण तो केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. नागपूरच्या सांडपाण्यातून येणारी खरी घाण, म्हणजे कुजणारे सेंद्रिय द्रव्य आणि विष्ठेतील जंतू, त्यात दिसतच नाही.

नदीची प्रकृती विरघळलेल्या प्राणवायूवरून कळते. ३० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम असतो आणि घाण कुजवणारे जीवाणू तो संपवत जातात. आंघोळीच्या पाण्यासाठी तो किमान ५ आणि बीओडी (म्हणजे घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते आणि दुपारचा आकडा उगाच चांगला येतो. बाटली धारेत बुडवून, आत एकही बुडबुडा न ठेवता भरावी आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालावे. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. मागच्या उन्हाळ्यात एका नाल्याच्या तोंडाखाली मी भरलेल्या बाटलीत तो फाटलेल्या दुधासारखा पांढराच राहिला, म्हणजे प्राणवायू जवळजवळ नव्हताच. तिथल्या गाळातही लाल अळ्यांखेरीज काही सापडले नाही.

आता आपला प्रश्न. मंडळाच्या ओलिताच्या वर्गात सामू (पीएच), वीजवाहकता (कमाल २२५० मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर), सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच पाहिले जाते, जंतूंचा निकष नाही. म्हणून क्षारांपुरते हे पाणी कागदावर बसेल, तरीही कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी त्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पऱ्हाटीला (कपाशीला) ते देता येईल, मात्र पाणी धरताना पायांत गमबूट असावेत. गुरांना पाजू नये.

नदीकाठच्या विहिरीचे पाणी घरात पीत असाल, तर आधी तेच तपासून घ्यावे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय मुळीच नको. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती विसळू नये आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.