पावडरच्या गुठळ्या : चाळून वापराव्यात की टाकून द्याव्यात?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचे छोटे फॅब्रिकेशन युनिट असून ग्रिल, गेट आणि लोखंडी फर्निचरवर आम्ही स्वतःच पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने फवारून ओव्हनमध्ये भाजतो. उन्हाळ्यात घेतलेल्या काळ्या ग्लॉसी पॉलिएस्टर पावडरची दोन खोकी शिल्लक होती. त्यांपैकी उघडलेले खोके दाराजवळ होते आणि सीलबंद खोके ओव्हनच्या भिंतीला टेकून, इतर मालाखाली होते. आता पावसाळ्यात दोन्हींमध्ये गुठळ्या निघाल्या आहेत. गन मध्येच अडकते, मग एकदम भसकन पावडर फेकते आणि भाजल्यावर पृष्ठभागावर दाणे दिसतात. कामगारांचे म्हणणे असे, की पावडर ओव्हनमध्ये थोडी गरम करून वाळवावी किंवा मिक्सरमधून काढावी. हा माल वाचवता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या कामगारांचे दोन्ही उपाय कृपया करू नयेत. ही पावडर म्हणजे रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्य यांचे असे मिश्रण आहे, की उष्णता मिळाली की ते आधी मऊ होते, मग वितळते आणि शेवटी कायमचे घट्ट होते. त्यामुळे ‘थोडीशी ऊब’ देऊन ते वाळवण्याचा प्रयत्न केला, तर ओलावा जाण्याआधीच कण एकमेकांना चिकटू लागतात. उन्हात पसरणेही याच कारणासाठी टाळावे. मिक्सरचे पाते फिरताना उष्णता निर्माण करते, शिवाय कण गरजेपेक्षा बारीक होऊन गनमधून नीट वाहत नाहीत. सर्वांत गंभीर बाब अशी, की हवेत उडालेल्या या बारीक पावडरचा ढग ठिणगीने पेट घेऊन स्फोट होऊ शकतो आणि घरगुती मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणगी उडतच असते.

आपल्या दोन खोक्यांचा आजार बहुधा एक नाही. दाराजवळच्या उघड्या खोक्याला दमट हवा लागली असावी, तर बंद खोक्याला ओव्हनची धग आणि वरच्या मालाचे वजन या दोहोंचा त्रास झाला असावा. खात्री करण्यासाठी हातमोजा घालून प्रत्येक खोक्यातली एक गुठळी तळहातावर घ्या आणि बोटाने हलके दाबा. हळदीच्या पुडीतली गुठळी चिमटीत विरते, तशी ती विरून पुन्हा सुटी पावडर झाली, तर दोष ओलाव्याचा किंवा साध्या दाबाचा आहे आणि माल वाचण्याची शक्यता चांगली आहे. ती कडक लागली, मोडताना तिचे खडे पडले किंवा मोडलेल्या कडेवर चकाकी दिसली, तर कण उष्णतेने जुळले आहेत. असे खडे चाळणीवर रगडून खाली उतरवले, तरी ते गेटवर दाण्यांच्याच रूपाने दिसतात.

विरणाऱ्या पावडरसाठी पुढील पद्धत वापरावी. हवा भरून पावडर उकळल्यासारखी खेळवणारा हॉपर आपल्याकडे असेल, तर त्यात कमी दाबाने कोरडी हवा पंधरा-वीस मिनिटे सोडावी. मात्र कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किंवा तेल असेल, तर हीच क्रिया माल बिघडवते. म्हणून आधी एअर ड्रायर आणि फिल्टर तपासावेत. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढणे आवश्यक असते, आणि गुठळ्यांच्या अनेक तक्रारींचे मूळ खोक्यात नसून याच टाकीत असते. त्यानंतर पावडर सुमारे 100 मेशच्या, म्हणजे 150 मायक्रॉन छिद्राच्या, स्टीलच्या चाळणीतून अर्थिंग जोडून चाळावी आणि वर उरलेला भाग दाबून खाली न उतरवता वेगळा काढावा. काम करताना धूळ रोखणारा मास्क लावावा आणि जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू ठेवू नये. मेटॅलिक पावडर असती, तर मी इतक्या सहज चाळण्याचा सल्ला दिला नसता, कारण चाळताना धातूच्या चकत्यांचे प्रमाण बदलून छटा बिघडू शकते.

चाळलेली पावडर थेट गिऱ्हाइकाच्या गेटवर मारू नये. तेल-ग्रीस काढून स्वच्छ केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर ती मारावी आणि खोक्यावर छापलेल्या तापमानाला व वेळेला भाजावी. अनेक पॉलिएस्टर पावडरींसाठी 200 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे असे प्रमाण असते. हे तापमान ओव्हनमधील हवेचे नसून खुद्द धातूचे असावे लागते. ताज्या पावडरच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर ओलावा अजून शिल्लक असू शकतो. पृष्ठभाग पसरलाच नाही, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) जास्त आली आणि चकाकी उतरली, तर साठवणीतच पावडरची रासायनिक क्रिया पुढे गेली आहे आणि ती कोणत्याही चाळणीने मागे येत नाही. तुकडा वाकवल्यावर थर तडकला, तरीही तो माल नाकारावा. चाचणीत उतरलेली पावडर त्याच कंपनीच्या, त्याच शेडच्या नव्या पावडरमध्ये तीस टक्क्यांपर्यंत मिसळून आधी आतल्या बाजूच्या किंवा कमी दिसणाऱ्या कामासाठी वापरणे मला योग्य वाटते.

प्रश्न : मग पुढच्या वर्षी साठवण कशी करावी? एसी खोली बांधणे आम्हाला परवडणारे नाही.
— तेच वाचक

उत्तर : उत्पादकांची सर्वसाधारण अपेक्षा 25 ते 30 अंशांखालील, कोरड्या जागेची असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही चढतो. म्हणून शेडऐवजी स्लॅबखालची, उन्हापासून आणि ओव्हनपासून दूरची खोली निवडावी. खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर, तीनपेक्षा जास्त थर न लावता ठेवावीत. उघडलेल्या खोक्यातील प्लॅस्टिकची पिशवी हवा काढून घट्ट बांधावी आणि ती झाकणाच्या ड्रममध्ये सिलिका जेलच्या पुरचुंडीसह ठेवावी. जेल पावडरमध्ये मिसळू देऊ नये. कोणाकडे एसी असलाच, तर थंड खोलीतले खोके दमट शेडमध्ये आणल्याबरोबर उघडू नये, कारण बाहेरच्या वाफेचे पाणी थेट पावडरवर जमते. पिशवी बंद ठेवून तिला शेडच्या तापमानाला येऊ द्यावे.

माझ्या मते खरा फरक खरेदीने पडतो. मोठ्या लॉटवर सूट मिळते म्हणून उन्हाळ्यात वर्षाचा माल भरण्यापेक्षा महिना-दोन महिन्यांपुरताच घ्यावा, खोक्यावर आल्याची तारीख मार्करने लिहावी आणि जुने खोके आधी संपवावे. वाया गेलेली पावडर नाल्यात टाकू नये किंवा जाळू नये. बंद पिशवीत वेगळी साठवून घातक कचरा हाताळण्याची परवानगी असलेल्या संस्थेकडे द्यावी.