बागेचे प्रश्न : पिवळ्या कोरांटीला आवर कधी घालावा?

प्रश्न : सासवडजवळ आमचे छोटेसे घर आहे. जमीन मुरमाड असून उन्हाळ्यात विहीर आटते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी घालणे जमत नाही. कुंपणाच्या कडेने दरवर्षी नव्याने लावावी लागणार नाहीत अशी पिवळ्या फुलांची झाडे हवी आहेत. रोपवाटिकेत जमिनीवर पसरणारी वेडेलिया सुचवण्यात आली. शेजारच्या आजी पिवळी कोरांटी लावा म्हणतात, परंतु ती नको तिथेही उगवते असे ऐकले आहे.

उत्तर : शेजारच्या आजींचे ऐकावे. वेडेलिया मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असून तिच्या जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटतात. छाटून ओढ्याकाठी टाकलेला तुकडाही तिथे रुजतो, म्हणजे तिला आवरण्यासाठी केलेल्या छाटणीतूनच ती पुढे जाऊ शकते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा 100 परक्या आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे, तरीही ती आपल्याकडे सर्रास विकली जाते, याचे आश्चर्य वाटते. कोरांटी आपल्याच मातीतली आहे आणि बागेत ती पसरते ती मुख्यतः बियांनी. बी धरण्याचा काळ ठरलेला असल्यामुळे तो सांभाळला की झाड आपल्या हातात राहते.

पिवळी कोरांटी, म्हणजेच काटेकोरांटी, साधारण कमरेइतकी वाढणारी बहुवर्षायू झुडूपवजा वनस्पती आहे. ती अबोलीच्याच कुळातली. पानांच्या बेचक्यात तीक्ष्ण काटे असल्यामुळे कुंपणाच्या कडेला ती शोभते आणि जनावरेही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. मात्र लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून तिला दूर ठेवावे. पावसाळा सरता सरता कळ्या दिसू लागतात आणि थंडीत झाड पिवळ्या-केशरी फुलांनी भरते. फूल जवळून पाहिल्यास चार पाकळ्या एका बाजूला आणि पाचवी एकटी खाली, अशी तिची ठेवण दिसते.

मुरमाड जमिनीत फार मशागत नको. हातभर अंतरावर वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांत मातीबरोबर थोडे कुजलेले शेणखत मिसळावे आणि जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी, कारण कोरड्या दिवसांपेक्षा मुळांशी साचलेल्या पाण्याचाच तिला अधिक त्रास होतो. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि शक्य झाल्यास अधूनमधून घरातील सांडपाणी, साबण नसलेले, घालावे. मुळे खोल गेल्यानंतर पुढच्या वर्षांत पाने गळून झाड ओकेबोके दिसले, तरी ते मेले असे समजून उपटू नये. पावसाबरोबर ते पुन्हा फुटते.

आता पसाऱ्याविषयी. फुले सरल्यावर त्याच तुऱ्यांत चोचीसारखे टोक असलेली फळे धरतात आणि प्रत्येक फळात दोन चपट्या बिया असतात. फळ पिकले की फटकन उकलते आणि आतील आकड्यांसारखे भाग बिया दूर फेकतात. म्हणून फळे हिरवी आहेत तोवर, बहर ओसरताच, तुऱ्यांच्या खाली कातरी चालवावी. या एका छाटणीने झुडूप दाटही होते. नवी रोपे हवी असतील त्या बाजूच्या दोन-चार फांद्यांवर फळे राहू द्यावीत. एवढे करूनही काही रोपे उगवतीलच. ती जुलैत, माती ओली असताना आणि काटे कोवळे असताना उपटावीत. दिवाळीपर्यंत थांबल्यास कुदळ लागते. उत्तर ऑस्ट्रेलियात ही वनस्पती माणसांनी नेली आणि आज तिथे तिची गणना उपद्रवी तणांत होते, हे तिकडे राहणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे आणि तिथे ती मुळीच लावू नये.

प्रश्न : कोरांटीच्या वाळलेल्या बोंड्या ताटलीत ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी बिया घरभर. उरलेल्या रात्रभर पाण्यात भिजवल्या, तर त्यांचा चिकट गोळा झाला. बी कसे धरावे?

उत्तर : बोंड्या हिरवट रंग सोडून तपकिरी होऊ लागताच तुऱ्यावर कागदी पिशवी चढवून तिचे तोंड दोऱ्याने बांधावे आणि आठवडाभराने तुरा पिशवीसकट कापावा. प्लास्टिकची पिशवी नको, आत ओल धरून बुरशी येते. बिया भिजवण्याची गरज नाही. त्यांच्या अंगावर दबलेली रेशमी लव असते आणि पाणी लागताच ती फुगून बुळबुळीत होते. मोकळ्या जमिनीत त्यामुळे बी मातीला चिकटून राहते, वाडग्यात मात्र बिया एकमेकींना चिकटतात. कोरड्या बियाच जूनमध्ये भुसभुशीत मातीवर पसराव्यात आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. घाई असल्यास पावसाळ्यात अर्धपक्व फांदीचे वीतभर तुकडे लावावेत, तेही सहज रुजतात.

प्रश्न : कासच्या पठारावरची सोनकी आणून लावली तर?

उत्तर : आणू नये. तेथील झाडे उपटण्यास मनाई आहे, आणि पठारावरचे धुके, वारा आणि कातळावरची पातळ माती अंगणात देता येत नाही.

प्रश्न : कोरांटीवर काट्यांसारखे केस असलेल्या काळपट अळ्या पाने खात आहेत. कोणते औषध फवारावे?

उत्तर : कोणतेही नको. वर्णनावरून त्या पॅन्सी गटातील फुलपाखरांच्या अळ्या असाव्यात. अबोलीच्या कुळातील झाडांवर ही फुलपाखरे अंडी घालतात. मोठे झाड खाल्लेली पाने भरून काढते. यंदाची लहान रोपे पार उघडी पडू लागली, तर काडीने अळ्या उचलून मोठ्या झुडुपावर सोडाव्यात.