वाचकांचे प्रश्न : गूगल प्ले नसलेला टॅब घरात आल्यावर

सीमाभागातून या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. परदेशातील नातेवाइकांनी आणलेला किंवा स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला टॅब घरी आला, पण त्यावर शेजारच्या मुलाच्या फोनवर दिसणारे खेळ आणि ॲप सापडेनात. त्यातील काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना माझ्या मुलासाठी ॲमेझॉनचा फायर एचडी ८ हा २०२० चा टॅब आणला. मुलगा सातवीत, मराठी माध्यमात आहे. त्याला माइनक्राफ्ट आणि बीजीएमआय (पबजी मोबाइल या खेळाचा भारतीय अवतार) खेळायचे आहे आणि मला त्यावर अभ्यासाची पुस्तके हवी आहेत. शोधायला गेलो तर प्ले स्टोअरच नाही. टॅब बिघडलेला आहे, की अमेरिकेतला असल्यामुळे इथे चालत नाही? (एक पालक, खानापूर)

उत्तर : दोन्ही नाही. टॅब ठणठणीत आहे आणि अमेरिकेतला असल्याने त्याचे काही अडत नाही. फायर टॅबवरील फायर ओएस ही प्रणाली अँड्रॉइडच्या सर्वांना खुल्या असलेल्या भागावर बेतलेली आहे. मात्र प्ले स्टोअर, नकाशे आणि ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ हा भाग गूगल आपल्या अटी मान्य करणाऱ्या कंपन्यांनाच देते. ॲमेझॉनने २०११ च्या पहिल्या किंडल फायरपासून तो बाजूला ठेवून स्वतःचे दुकान, म्हणजे ॲमेझॉन ॲपस्टोअर, मांडले. त्याच वर्षी आपल्याकडे गाजावाजा करून आलेल्या ‘आकाश’ टॅबवरही गूगलचे दुकान नव्हते, गेटजार होते. तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदीच नवखा नाही.

म्हणून प्रत्येक ॲपबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. ते बनवणाऱ्याने ॲमेझॉनच्या दुकानात ठेवले आहे का, आणि ठेवले नसेल तर गूगलच्या सेवांवाचून त्याचे चालते का? सूचना पाठवणे, गूगल खात्याने आत शिरणे, खेळातल्या वस्तूंचे पैसे घेणे अशी कामे पुष्कळ ॲप गूगल प्ले सर्व्हिसेसकडून करून घेतात. ती नसली तर ॲप उघडते, हे उपकरण चालणार नाही असा निरोप दाखवते आणि तिथेच थांबते.

माइनक्राफ्टची काळजी नको, तो ॲमेझॉनच्या दुकानात आहे. घरातील एखाद्या फोनवर तो गूगल प्लेमधून आधीच घेतलेला असला, तरी ती खरेदी फायरवर धरली जात नाही, पैसे पुन्हा मोजावे लागतात. दुकान वेगळे म्हणजे पावतीही वेगळी. खेळ मात्र एकच असल्याने, एका वाय-फायवर असलेली फोनवाली भावंडे आणि आपला मुलगा एकाच जगात घरे बांधू शकतील. रोब्लॉक्स आणि कँडी क्रश सागा हेही तिथे आहेत. बीजीएमआय नाही, क्लॅश ऑफ क्लॅन्सही नाही. पोकेमॉन गो तर नाहीच, आणि आडमार्गाने टाकला तरी उपयोग नाही, कारण वाय-फायवर चालणाऱ्या फायरमध्ये जीपीएस नसते आणि तो खेळ सारा जीपीएसवरच चालतो.

बीजीएमआयबद्दल आमचे स्पष्ट मत असे की, या टॅबवर त्याचा हट्ट धरू नये. २०२० च्या साध्या फायर एचडी ८ मध्ये २ जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आहे. तेवढ्यावर असा जड खेळ कसाबसा सुरू झाला, तरी नेमका शत्रू समोर आला की चित्र अडकते आणि मुलाची चिडचिड होते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आल्यापासून अशा खेळांच्या नावाने बनावट फाइली सर्रास फिरत असतात आणि मुले त्या मित्रांकडून घेतात.

अभ्यासाचे काम त्या मानाने सोपे आहे. मराठी माध्यमाची आपली पाठ्यपुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात. ती एकदा उतरवून घेतली की पावसाळ्यात लाइन गेली, नेटवर्क गेले तरी वाचता येतात. ‘दीक्षा’ या शालेय अभ्यासाच्या सरकारी सोयीचे ॲप न मिळाल्यास तिचे संकेतस्थळ टॅबमधील सिल्क ब्राउझरमधून उघडावे. यूट्यूबही ब्राउझरमधूनच पाहावे. मुलाला बुद्धिबळाची आवड असेल तर लिचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत असून त्यावर जाहिरातीही नाहीत.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती आजच पाहून घ्यावी. टॅब भाच्याने स्वतःच्या खात्यावर सुरू करून दिला असेल, तर दुकानात अमेरिकेतील यादी दिसेल आणि आपल्या चिरंजीवांनी खेळात घेतलेल्या प्रत्येक तलवारीचे पैसे भाच्याच्या कार्डावर पडतील. सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचे खाते काढावे, आपले खाते जोडावे आणि पालक नियंत्रणात प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करावी.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेतील एक दुकानदार फायर टॅबमध्ये ‘गूगल टाकून देतो’ म्हणतात. टाकून घ्यावे का? मग त्यावर बँकेचे ॲप आणि यूपीआयही चालेल का? (एक व्यापारी, निपाणी)

उत्तर : दुकानदार थाप मारत नाहीत. फायरवर प्ले स्टोअर बसवता येते आणि त्यासाठी टॅब उघडावा लागत नाही. ते काय करतात हे समजून घेतले, तर घरचे जाणते कोणीही ते करू शकेल. प्रथम सेटिंग्जमधील सुरक्षेच्या भागात, अनोळखी ठिकाणची ॲप घेण्याची परवानगी ब्राउझरला द्यावी लागते. मग चार फाइली उतरवून ठरलेल्या क्रमाने बसवायच्या : गूगल अकाउंट मॅनेजर, गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क, गूगल प्ले सर्व्हिसेस आणि शेवटी प्ले स्टोअर. क्रम मोडला की स्टोअर उघडते आणि मिटते. चारही बसल्यावर टॅब बंद करून पुन्हा सुरू करावा, थोडा वेळ द्यावा आणि मगच गूगल खाते जोडावे. काम झाल्यावर ती परवानगी आठवणीने काढून घ्यावी. ही शेवटची पायरी दुकानात सहसा राहून जाते.

फाइली आपल्या टॅबला जुळणाऱ्याच हव्यात. फायर ओएस ७ ही अँड्रॉइड ९ वर आणि फायर ओएस ८ ही अँड्रॉइड ११ वर आधारलेली आहे, तेव्हा आपली आवृत्ती सेटिंग्जमध्ये आधी पाहावी. या चार फाइलींऐवजी एखादा खेळच तेवढा सुट्या फाइलीने टाकावा, असे काही जण सुचवतात. पण ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲप तुकड्यांच्या गठ्ठ्याच्या रूपात द्यावी लागतात, त्यामुळे एकच फाइल उचलून आणली तर ती पुष्कळदा अपुरी निघते.

हे सारे जमले तरी गूगलच्या दृष्टीने आपला टॅब प्रमाणित ठरत नाही. प्रणालीचे अपडेट आल्यावर एखाद दिवशी स्टोअर अडून बसू शकते, आणि टॅब रिसेट केला तर चारही फाइली पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतात. मुलांवर लक्ष ठेवण्याची गूगलची फॅमिली लिंक सोय येथे धरू नये, ॲमेझॉनचे मुलांचे प्रोफाइलच वापरावे. खेळ, वाचन, व्हिडिओ यांसाठी एवढी गैरसोय चालून जाते.

बँकेच्या बाबतीत आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उपकरण प्रमाणित आहे का, हे अशी ॲप तपासतात आणि नसल्यास सुरू होण्याचे नाकारतात. यूपीआयला तर बँकेकडे नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम त्याच उपकरणात लागते, कारण नोंदणीच्या वेळी त्यातून एसएमएस पाठवला जातो. वाय-फायच्या टॅबवर ते होणारच नाही. व्यापाराचे पैसे फोनवरच राहू द्यावेत. दुकानदाराकडे टॅब सोपवणारच असाल, तर आपले नेहमीचे गूगल खाते त्यांना उघडून देऊ नये, ते घरी येऊन स्वतः जोडावे.

प्रश्न : मोठे बंधू दुबईहून हुआवेचा टॅब आणणार आहेत. त्याचीही हीच कथा आहे का? (एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : कारण वेगळे, परिणाम तोच. मे २०१९ मध्ये अमेरिकेने लादलेल्या व्यापारी निर्बंधांमुळे त्यानंतरच्या हुआवेच्या नव्या उपकरणांवर गूगलच्या सेवा येत नाहीत. आधीच्या मॉडेलवर त्या आहेत. नव्यांवर ॲपगॅलरी हे कंपनीचे दुकान असते. वर सांगितलेली चार फाइलींची युक्ती येथे चालेल असे गृहीत धरू नये. चित्रकला, टिपणे आणि वाचन यांसाठी टॅब उत्तम आहे. पण आपला अभ्यास गूगल क्लासरूमवर चालत असेल, तर बंधूंनी तिकडे दुसरा टॅब पाहिलेला बरा.

प्रश्न : अँड्रॉइड ४.४ चा जुना टॅब आहे. प्ले स्टोअर आहे, पण हल्लीचे काहीच उतरत नाही. (एक निवृत्त शिक्षक, चिक्कोडी)

उत्तर : त्या आवृत्तीला गूगल प्ले सर्व्हिसेसची अद्यतने देणे गूगलने २०२३ मध्ये थांबवले. टॅबवर आधीपासून असलेले, इंटरनेट न लागणारे खेळ आणि पीडीएफ वाचन चालू राहील. कोणी सुचवले तरी रिसेट मात्र करू नका, गुरुजी. आहेत ती ॲप पुसली गेली की परत मिळतीलच असे नाही.

प्रश्न : ॲमेझॉनचे ॲप दुकानच बंद झाले असे ऐकले. ओळखीच्या घरातून जुना फायर टॅब घेणार होतो, घेऊ का? (एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : ऐकलेले अर्धेच खरे आहे. इतर कंपन्यांच्या अँड्रॉइड फोन आणि टॅबवरील ॲमेझॉन ॲपस्टोअर २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाले. फायर टॅब आणि फायर टीव्हीवर ते चालू आहे. घेण्यापूर्वी घरातील मंडळींना लागणाऱ्या चार-पाच ॲपची नावे कागदावर लिहावीत आणि त्याच टॅबवरील दुकानात ती एकेक शोधून पाहावीत. रॅमही विचारावी : २०१९ च्या फायर ७ मध्ये ती अवघी १ जीबी आहे, त्यामुळे वाचनापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको. २०२१ च्या फायर एचडी १० मध्ये ३ जीबी आहे, तो बरा. जागा कमी असल्यास मेमरी कार्ड घालता येते. आणि पैसे देण्याआधी, जुन्या मालकांना त्यांचे खाते आपल्या समोरच काढून टाकायला सांगावे.