होडीच्या जुन्या डिझेल इंजिनाचं ऑइल दुधाळ झालंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, हेडखालचं सील) गेलं का?

लगेच हेड उतरवू नका, आधी हेडर टँकची (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीची) पातळी बघा: ती उतरत असेल तर गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या नळीचे) ओ-रिंग, तशीच असेल तर ऑइल कूलरवर (ऑइल थंड करणाऱ्या भागावर) संशय घ्या. हीट एक्स्चेंजरवाल्या इंजिनात (जिथे समुद्राचं पाणी कूलंटला थंड करतं) कूलंट आत फिरतं, पण ऑइल कूलर बऱ्याचदा समुद्राच्या पाण्यावर असतो. खाऱ्या पाण्याने त्याच्या नळ्या गंजतात आणि इंजिन बंद झालं, ऑइलचा दाब गेला, की पाणी ऑइलमध्ये शिरतं. कूलर काढून हवेच्या दाबाने तपासा, हेड उतरवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी शाकारलेली होती आणि दुधी साय फक्त फिलर कॅपखाली (ऑइल भरायच्या झाकणाखाली) असेल, तर मात्र ती दमट हवेचीही असू शकते. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दिसली तर इंजिन अजिबात फिरवू नका, बेअरिंग खराब होतील.