वाचकांचे प्रश्न : नवा शूटर गेम घ्यायचा, पण ऑनलाइन की एकट्याचा?

प्रश्न : दोन नव्या शूटर गेमची वाट बघतोय. एक निव्वळ ऑनलाइन आहे, दुसरा कथेचा. पैसे एकाचेच आहेत. प्री-ऑर्डर कुठल्याची करू? (जुळे सोलापूर)

उत्तर : कुठल्याचीच करू नका. डाउनलोड करायच्या गेमचा साठा संपत नसतो. आधी पैसे भरून पदरात पडते ती फार तर बंदुकीची एखादी स्किन, म्हणजे नुसतं नवं रंगरूप. शिवाय जाहीर झालेला गेम येईलच असं नाही. ‘परफेक्ट डार्क’ २०२० मध्ये जाहीर झाला, जून २०२४ मध्ये त्याचा खेळ दाखवला आणि जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला. ‘स्टॉकर २’ आला खरा, पण एप्रिल २०२२ ची तारीख सरकत सरकत नोव्हेंबर २०२४ वर गेली.

दोन्ही प्रकारांची वाट वेगवेगळ्या तऱ्हेने बघायची असते. कथेचा गेम थांबल्याने मुरतो. पॅच येतात, चुका निघतात, सेलमध्ये किंमत उतरते. सहा-आठ महिन्यांनी घेतलात तरी कथा तीच असते. ऑनलाइन गेमचा जीव मात्र खेळणाऱ्या माणसांत असतो. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले, कंपनीने पैसे परत दिले. ‘एक्सडिफायंट’ मोफत होता, तरी मे २०२४ ते जून २०२५ एवढाच टिकला.

म्हणून ऑनलाइन गेमचा ओपन बीटा (सगळ्यांना खुली असलेली चाचणी) आला की तो चुकवू नका. सर्व्हरच्या यादीत मुंबई आहे का ते आधी बघा. मग दुपारी तीनला आणि रात्री दहाला मॅच जुळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. बीटाच्या गर्दीतच दोन मिनिटं ताटकळावं लागत असेल, तर पुढे हाल आहेत. सगळं ठीक वाटलं तरी गेम बाजारात आल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, पण सहा महिने नकोत.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तो वेळही या दोन तासांतच धरला जातो. तेव्हा गेम चालू ठेवून चहाला जाऊ नका.

प्रश्न : घरी ५० एमबीपीएसचं फायबर आहे. दुपारी पिंग (सर्व्हरला संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ३० असतो, रात्री सगळे घरी आले की १५० च्या वर जातो. १०० चा प्लॅन घेऊ का? (होटगी रोड)

उत्तर : इतक्यात नको. शूटर खेळायला इंटरनेटचा वेग फारसा लागतच नाही. तो लागतो गेम उतरवताना : १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर साडेपाच तास घेतो. खेळताना महत्त्वाचं असतं ते एवढंच, की तुमचा छोटासा संदेश अडखळता कामा नये. कुणाच्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की अपलोडची वाट भरते, राउटरच्या दारात रांग लागते आणि तुमची गोळी त्या रांगेत उभी राहते.

तपासायचं असं. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ping -n 100 8.8.8.8’ लिहून पिंग १०० वेळा चालवा. एकदा घरातले सगळे फोन शांत असताना, एकदा एखाद्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड होत असताना. दुसऱ्या वेळीच आकडा चढला, तर दोष रांगेचा. राउटरमध्ये क्यूओएसची (कुणाला किती वाट द्यायची ते ठरवायची) सोय असेल तर अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे ५० असेल तर ४३ ते ४५. सोय नसेल तर खेळण्यापुरता बॅकअप बंद ठेवा.

केबलवर आकडा स्थिर आणि वायफायवर उड्या मारत असेल, तर ५ गिगाहर्ट्झवर या किंवा सरळ कॅट ६ ची वायर ओढा. वायर सगळ्यात उत्तम. पण रात्री आठ ते अकरा या वेळेत, फोन शांत असतानाही केबलवर आकडा चढत असेल, तर पुरवठादाराच्या लाइनवरच गर्दी आहे. त्याच लाइनवर मोठा प्लॅन घेऊन फरक पडणार नाही.

गेमच्या आतही एकदा बघा. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांचे सर्व्हर मुंबईत आहेत, सोलापूरपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर. चुकून सिंगापूर निवडलं गेलं, तर केवळ अंतरामुळेच पिंग वाढतो.

लाइट जाते तिथे राउटर आणि फायबरचा डबा या दोघांसाठी छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा. एकट्या राउटरला वीज देऊन भागत नाही.

प्रश्न : जेवायला हाक मारली की मुलगा म्हणतो, मॅच मध्येच थांबवता येत नाही. हे खरं आहे का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : खरं आहे, ताई. समोर दुसरी माणसं खेळत असतात. मध्येच उठलं तर चार साथीदार अडचणीत येतात आणि मुलाला दंड लागतो, काही काळ मॅच मिळत नाही. पण मॅच सुरू करायची की नाही, हे त्याच्या हातात असतं.

‘व्हॅलोरंट’ असेल तर स्क्रीनच्या वर मधोमध दोन आकडे दिसतात. जो संघ आधी १३ राउंड जिंकतो तो जिंकला, आणि एक राउंड साधारण दोन मिनिटांचा. ११-५ दिसलं तर बहुतेक लवकर संपेल. ११-११ असेल तर निदान चार-पाच मिनिटं, १२-१२ अशी बरोबरी झाली तर आणखी जास्त. ‘बीजीएमआय’ या मोबाइल गेमचा मोठा नकाशा शेवटपर्यंत खेळला तर अर्धा तास धरा. म्हणून भाकऱ्या थापायला घ्याल तेव्हाच सांगा, ‘आता नवी मॅच नको’. तव्यावरची शेवटची उतरेपर्यंत चालू मॅच बहुधा आटोपते.

एकट्याने खेळायच्या बहुतेक गेमना मात्र पॉज असतो. तिथे हे कारण चालवून घेऊ नका. फार तर ‘सेव्ह होईपर्यंत’ पाच-दहा मिनिटं मागेल, तीही पॉज करून नंतर भागतात.

प्रश्न : मे महिन्यात लॅपटॉपवर कथेचा गेम वीस मिनिटांनी अडखळायला लागतो. रॅम वाढवू का? (अशोक चौक)

उत्तर : वीस मिनिटं नीट चालतो, म्हणजे रॅमपेक्षा उष्णतेचा संशय जास्त. खोलीतच ४० अंश असताना आतला प्रोसेसर ९५ च्या पुढे जातो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, म्हणजे बहुतेक लॅपटॉपचा टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, आणि चादरीवर ठेवून तर खेळूच नका. जाळीतली धूळ ब्रशने काढा. ब्लोअर मारणार असाल तर आधी मशीन बंद करा आणि पंख्याची पाती काडीने अडवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं.